हॅमो पळाला कशाला?

हॅमो पिकरेल धावत जाऊन चर्चमध्ये घुसला आणि वेदीचं फडकं दोन्ही मुठींत धरून बसला, तेव्हा त्याच्या मागे कोणीही लागलेलं नव्हतं.

राजाचे दोन घोडेस्वार आले होते, हे खरं. पण ते तळ्यावर घोड्यांना पाणी पाजत होते. कोठाराचं छप्पर शाकारत बसलेला हॅमो त्यांतल्या एकाला दिसला आणि तो "ए, खाली ये जरा" एवढंच म्हणाला. बिचाऱ्याला चेम्सफर्डचा रस्ता विचारायचा होता. हॅमो खाली आला, पण शिडीने नव्हे. तो पलीकडच्या बाजूने घसरला, उभ्या गव्हातून त्याने धूम ठोकली आणि थेट वेदी गाठली. रस्ता शेवटी बदकं राखणाऱ्या म्हातारीने दाखवला. घोडेस्वार गेले, आणि चेम्सफर्डला पोचल्यावर त्यांनी गंमत म्हणून सांगून टाकलं की अमक्या गावात आम्हाला बघून एक माणूस चर्चमध्ये पळाला.

आम्हा पिकरेलांत शहाणी माणसं फार झाली असं मी म्हणत नाही. पण गुन्हा नसताना आसरा घेणारा हा पहिलाच. आसरा म्हणजे, चर्चमध्ये शिरलेल्या गुन्हेगाराला तिथे कोणी धरायचं नाही.

जूनमध्ये सगळ्या परगण्यातल्या कुळांनी धन्यांविरुद्ध बंड केलं, त्यात जे झालं ते झालं. गाव ज्याच्या मालकीचं त्या मठाच्या कारभाऱ्याच्या अंगणात दप्तर पेटवलं, कोणाकडे किती वेठ, कोणाच्या आजाने काय कबूल केलं होतं, सगळ्याची राख झाली. त्या दिवशी गावात हातपाय असलेला प्रत्येकजण तिथे होता. हॅमोही होता, पण तो कारभाऱ्याच्या छपरावर गवत बसवत होता. खाली सगळे नाचतायत आणि वरून हा बोंबलतोय, "अरे मेल्यांनो, ठिणगी उडेल ना! आग तिकडे न्या!" लोकांनी आग तिकडे नेली. बंडात हॅमोची कामगिरी म्हणाल तर एवढीच.

त्याचा थोरला भाऊ ऑस्बर्ट गहू कापत होता, तिथे त्याला हॅमो चर्चमध्ये पळाल्याची बातमी पोचली. त्याने आधी विळा खाली ठेवला आणि मग हॅमोला, हॅमोच्या जन्माला आणि त्या दिवशी हजर असलेल्या सुइणीला शिव्या घातल्या. ऑस्बर्ट तालुक्याच्या बारा पंचांपैकी एक होता. न्यायाधीशाने पंचांना शपथ घातली होती, की आपापल्या गावचे बंडखोर सांगा. ऑस्बर्टने सांगितले होते. एक तापाने मेलेला, एक केव्हाच समुद्रापार गेलेला, आणि उरलेलं सगळं पाप केंटहून आलेल्या, लाल टोपी घातलेल्या एका अनोळखी माणसाच्या माथी. पेटतं लाकूड दप्तरावर टाकलं ते त्याने, डाव्या हाताने टाकलं, टाकताना हसला. इतकं बारीक वर्णन ऑस्बर्ट करू शकला, कारण लाकूड त्याने स्वतःच टाकलं होतं.

"सगळं नीट निस्तरलं होतं मी," चर्चच्या दारात उभं राहून तो ओरडला. "गावाच्या केसाला धक्का लागला नव्हता! तुला कोणी सांगितलं होतं पळायला?"

"त्यांनी बोलावलं मला," आतून हॅमो म्हणाला.

"बोलावलं तर जायचं असतं!"

"मी गेलोच."

"उलट्या दिशेने गेलास, गाढवा! आता माझ्याच भावाने आसरा घेतला म्हटल्यावर न्यायाधीश विचारणार नाही, की पंचसाहेब, याचं नाव का नाही सांगितलंत? तुझ्यापायी माझी मान जायची!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याने तर चोरीही केली नव्हती. चर्चभोवती चार धडधाकट गडी काठ्या घेऊन उभे होते. आसरा घेतलेला माणूस निसटला तर दंड अख्ख्या गावाला, म्हणून पहारा गावानेच द्यायचा, तोही ऐन कापणीत. ते चौघे हॅमोविषयी काय बोलत होते ते चर्चच्या आवारात बोलू नये असं होतं.

दुपारी सगळे पिकरेल चर्चमध्ये जमले. घोडेस्वारांची गंमत कानावर गेल्यामुळे उद्या सकाळी राजाचा कोरोनर, म्हणजे आसरा घेतलेल्यांची कबुली लिहून घेणारा अधिकारी, यायचा होता आणि त्याच्यापुढे हॅमोला दोनच रस्ते होते. एक तर बाहेर येऊन न्यायाधीशापुढे उभं राहायचं, आणि त्या उन्हाळ्यात चेम्सफर्डला उभी राहिलेली माणसं बहुतेक लटकली होती. नाहीतर आहे तिथेच गुन्हा कबूल करायचा, गोणपाट नेसून, हातात लाकडी क्रूस धरून, अनवाणी समुद्रापर्यंत चालत जायचं आणि देश सोडायचा, तो कायमचा. मागे राहिलेलं घरदार, गुरंढोरं राजाची.

"काका, समुद्रापलीकडेसुद्धा छपरं असतातच की," ऑस्बर्टचा मुलगा वॅरिन म्हणाला. तिशीचा बाप्या, अजून बापाच्या घरात राहणारा. "तुमच्या हातात कसब आहे. घराची काळजी करू नका. कारभाऱ्याशी बोलून मी राहीन तिथे. गाईलाही माझी सवय आहे."

"गाईला तुझी सवय कधी लागली रे?" हॉविसआत्याने विचारलं. हॉविस म्हणजे ऑस्बर्ट-हॅमोची विधवा बहीण. घरी बीअर करायची आणि ती तयार झाल्याची खूण म्हणून दारावर काठी लावून विकायची. "आयत्या बिळावर नागोबा मेला! दादा, माझं ऐक. घाई कशाला? आसरा चाळीस दिवस टिकतो. बसू दे की त्याला. वेदीपाशी गारवा आहे, जेवण आम्ही आणू."

"तुझं काय जातं?" ऑस्बर्ट म्हणाला. "पहाऱ्यावरचे चौघे सकाळपासून तुझीच बीअर ढोसतायत. चाळीस दिवसांत तू नवीन पिंप घेशील."

"घेईन! कष्टाचं घेईन! पंच होऊन लाल टोप्या नाही शिवत बसले मी!"

पाद्रीबाबा मध्ये पडले. हे देवाचं घर आहे, असं ते म्हणाले, आणि शिवाय हॅमोने वेदीवरच्या मेणबत्तीचं बूड दाताने कुरतडलंय, अशी तक्रारही त्यांनी केली.

"भूक लागली होती," हॅमो म्हणाला.

त्याची बायको सबीना हातातलं गाडगं घेऊन पुढे गेली आणि वाटाण्याची दाट पेज त्याच्यासमोर ठेवून परत भिंतीला टेकून बसली. तोंडातून अवाक्षर नाही. सबीना अशीच. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पोरी म्हणत, हॅमोने मुकी केली. ती मुकी नव्हती. पिकरेलांच्या घरात बोलायला फट सापडायची नाही, एवढंच.

"ठीक आहे," ऑस्बर्ट म्हणाला. "कबूल करायचं ठरलं तर काय करायचं ते ठरवू. काहीतरी बेताचं. दप्तर जाळलं?"

"कोणी पेटवलं ते विचारतील," पाद्रीबाबा म्हणाले. "आणि वरून पाहिलं असेल तर याला ते दिसलेलं असणार."

"दिसलं होतं," पेज खाता खाता हॅमो म्हणाला.

ऑस्बर्टला ठसका लागला. "नको, नको. दप्तर राहू दे. मठाच्या रानाचं कुंपण तोडलं, असं सांग."

"त्याला काय बाई हात लावायचा?" हॉविसआत्या घाईघाईने म्हणाली. कुंपणाच्या सगळ्या फळ्या तिच्या भट्टीमागे रचून ठेवलेल्या होत्या. "लगेच म्हणतील, फळ्या दाखवा. त्यापेक्षा मठाच्या तळ्यातले मासे."

"मासे नकोत," वॅरिन म्हणाला.

"का रे?"

"काकांना पोहता येत नाही. पटायचं नाही कोणाला."

"मासे धरायला पोहावं लागतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"ते मासे पोहूनच धरावे लागतात," वॅरिन म्हणाला आणि मग खाली बघत बसला.

असं एकेक पाप पुढे येत गेलं आणि प्रत्येकाचा धनी तिथेच बाकावर बसलेला निघाला. कारभाऱ्याची डुकरं घ्यावीत तर त्यांतल्या एकाचं तंगडं पाद्रीबाबांनी स्वतः खाल्लं होतं, अर्थात कुठून आलं ते न विचारता. अख्ख्या गावाने मिळून केलेल्या बंडात हॅमोला कबूल करायला एक गुन्हा शिल्लक नव्हता. हॅमोला आता वाईट वाटायला लागलं होतं.

"म्हणजे मी काहीच केलं नाही?" तो म्हणाला.

"तू छपरावर होतास," ऑस्बर्ट म्हणाला.

तेव्हा भिंतीपासून आवाज आला, हळू. "मोठे भावजी, त्यांनी काही केलं नाही, तर काही केलं असं सांगायचं कशाला?"

सगळ्यांनी वळून सबीनाकडे पाहिलं.

"कारण पळाला, वहिनी," ऑस्बर्ट तिला लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला. "कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतो कोरोनर. पळाला म्हणजे केलं. निर्दोष माणूस पळतो का?"

"पळतो की," हॉविसआत्या म्हणाली. "बायकोला भिऊन पळतो. माझा म्हातारा एकदा सफरचंदाच्या झाडावर चढून बसला होता, आठवतंय?"

सगळे हसले. हॉविसच्या नवऱ्याला झाडावरून उतरवायला अर्धा गाव लागला होता. फक्त सबीना हसली नाही. तिने विचारलं, "वन्सं, बायकोला भिऊन चर्चमध्ये शिरलेल्याला आसरा घेतला असं म्हणतात का?"

हसणं थांबलं. पाद्रीबाबांनी बोटं मोडत विचार केला. "नाही म्हणत," ते सावकाश म्हणाले. "राजाच्या कायद्याला भिऊन आला तरच तो आसरा. नाहीतर तो नुसता चर्चमध्ये आलेला माणूस."

"झालं तर मग!" ऑस्बर्टने मांडीवर थाप मारली. "वहिनीने मारायला घेतला म्हणून पळाला!"

"वहिनीने?" वॅरिन म्हणाला. "बाबा, ती कोंबड्यांनासुद्धा 'सरका जरा' म्हणते. कोण विश्वास ठेवणार?"

"आणि ठेवलाच, तर भांडखोर बाई म्हणून हिला खुर्चीला बांधून तळ्यात बुचकळतील, गाव जमवून," हॉविसआत्या म्हणाली. "मला बुचकळलंय, मला माहितेय. नाकात शेवाळ जातं. सबीना, तुला नाही झेपायचं गं ते."

पण खरी अडचण वेदीपाशी होती. हॅमो उठून उभा राहिला होता, मिशीला पेज लागलेली.

"मी जाईन समुद्रावर," तो म्हणाला. "अनवाणी जाईन, काट्यांतून जाईन. पण हॅमो पिकरेल बायकोला भिऊन पळाला, हे माझ्या तोंडून निघायचं नाही. उद्या कुठल्या छपरावर चढायला तोंड राहील मला?"

"तुझी मान राहील की रे!" ऑस्बर्ट ओरडला.

"नुसती मान घेऊन काय करू?"

आणि त्यावर तो अडला तो अडलाच. हॉविसने विनवलं, ऑस्बर्टने दम दिला, वॅरिनने "जाऊ दे ना, त्यांची इच्छा आहे तर" असं म्हणून आत्याच्या हातची एक खाल्ली. तोपर्यंत आत्या चाळीस दिवसांच्या बाजूची होती. त्या थपडेपासून ती हॅमोला घरी न्यायच्या बाजूची झाली. सबीनाने रिकामं गाडगं उचललं आणि ती घरी गेली.

सकाळी कोरोनर आला. सर फुल्क नाव, जाडा, घामाघूम, जूनपासून घोड्यावरून न उतरलेला माणूस. बरोबर एक लिहिणारा. चर्च माणसांनी गच्च भरलं होतं, कापणी वाऱ्यावर सोडून.

"लवकर आटपा," सर फुल्क म्हणाला. "आणि आधीच सांगतो, लाल टोपीवाल्याची गोष्ट मला सांगू नका. तो एकाच दुपारी निम्म्या परगण्यात दप्तरं जाळत होता. न्यायाधीश म्हणतायत, तो माणूस मला जिवंत हवा. हां, तर तू. काय केलंस?"

हॅमो वेदीपाशी उभा होता. रात्रभर त्याने विचार केला होता. गावातला प्रत्येक गुन्हा कोणाचा ना कोणाचा होता, भावाचा, बहिणीचा, पुतण्याचा. ज्याची जागा घेतली तर कोणीच अडकणार नाही असा एकच माणूस त्याला सापडला होता. ते सापडल्यावर त्याला फार हलकं वाटलं होतं आणि गाढ झोप लागली होती. माणूस मूर्ख असला तरी मनाने वाईट नव्हता हो आमचा हॅमो.

"साहेब," तो म्हणाला, "तो जो केंटचा, लाल टो..."

ऑस्बर्टने डोळे मिटून घेतले. लिहिणाऱ्याने मान वर केली. सर फुल्क पुढे वाकला.

"इथे लपलास होय रे, भेकडा!"

आवाज दारातून आला. लोकांनी आधी हॉविसकडे पाहिलं, कारण असा आवाज तिचाच. पण हॉविस तोंड उघडं टाकून दाराकडे बघत होती. दारात सबीना होती, हातात भट्टीची पळी घेऊन. पळी हॉविसचीच होती, लांब दांड्याची.

"कोण ही?" सर फुल्क म्हणाला.

"मी याची बायको! आणि हा राजाला नाही भ्यालेला, साहेब, मला भ्यालाय! त्या दिवशी ही पळी घेऊन मी कोठाराशी उभी होते, म्हणून उलटीकडून घसरला. खाली ये म्हटलं की हा वर चढतो, आत ये म्हटलं की बाहेर जातो. मारते मी याला! रोज मारते!"

वॅरिनला हसू फुटलं. पहाऱ्यावरचे चौघे एकमेकांना ढोसायला लागले. कोणालाच पटेना, आणि ते सबीनाला दिसलं. तिचा आवाज चिरकत होता. सर फुल्कने लोकांच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"बाई," तो म्हणाला, "नवऱ्याला वाचवायला खोटं बोललीस तर..."

"खोटं?" सबीना म्हणाली.

ती हॅमोकडे वळली. आणि मग जे सुरू झालं ते तिने घरी घोकलेलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

"तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला कोरडं झोपवलंस तू, आणि माझ्या अंथरुणावर पाणी गळतं. पहिल्या हिवाळ्यापासून गळतं. उद्या करतो, उद्या करतो. लोकांत हसतोस, गाणी म्हणतोस, घरी आलास की भिंतीकडे तोंड. मला काही विचारायचं असलं की तुला शिडी आठवते. तुझी आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं मी केलं, तू मठाच्या छपरावर. वॅरिन गाय मागतो, तुझा भाऊ तुला गाढव म्हणतो, कधी एक शब्द बोललास? वर चढलास की झालं!"

हॅमोचा हात वेदीवरून सुटला होता.

"आणि एमाला पुरलं त्या दिवशी?" सबीना म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "सात वर्षांची होती रे ती. साथ होती, कोणी हात लावायला येईना. मी आणि पाद्रीबाबांनी नेली तिला. तू कुठे होतास? मी मागे वळून वळून पाहिलं. तू गिरणीच्या छपरावर होतास. दिसत होतास मला तिथून. गवत बांधत होतास. आयुष्यभर पळालास तू माझ्यापासून, आजच नाही."

चर्चमध्ये कोणी हसलं नाही. हॉविसआत्या डोळे पुसत होती, आणि ऑस्बर्ट, ज्याने स्वतः त्या दिवशी दार लावून घेतलं होतं, तो जोड्यांकडे बघत राहिला. पाद्रीबाबांनी हळूच क्रूसाची खूण केली.

सर फुल्कने बराच वेळ घाम पुसला. मग तो हॅमोला म्हणाला, "विचारतो ते नीट ऐक. तू राजाच्या माणसांना भिऊन इथे आलास, की हिला?"

गाव ऐकत होतं. ज्यांची ज्यांची छपरं हॅमोने शाकारली होती ते सगळे. हॅमोने एकदा ऑस्बर्टकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग सबीनाकडे.

"हिला," तो म्हणाला. "हिलाच भिऊन पळालो, साहेब."

"लिही," सर फुल्क लिहिणाऱ्याला म्हणाला, "बायकोच्या भीतीने. आसरा नाही, गुन्हा नाही. आणि बाईला शिक्षा द्यायची ती तुमच्या मठाचा कारभारी देईल, ते काम माझं नाही." उठता उठता तो थांबला. "लाल टोपीचं काय सांगत होतास रे मघाशी?"

"काही नाही," ऑस्बर्ट मध्येच म्हणाला. "तो नेहमीच काहीतरी बरळतो."

कोरोनर गेला. लोक कापणीला पळाले. हॉविसआत्याने आपली पळी सबीनाच्या हातातून काढून घेतली आणि काही न बोलता तिच्या गालावरून हात फिरवला. हॅमो उंबऱ्याच्या आत उभा होता. परवा या उंबऱ्यावरून आत येताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता बाहेर पाऊल टाकताना त्याचा पाय उचलेना.

"सबीना," तो म्हणाला, "ते सगळं कोरोनरला पटावं म्हणूनच म्हणालीस ना?"

"मारते म्हटलं तेवढं खोटं होतं," सबीना म्हणाली.

तो बाहेर आला. ती फाटकाकडे निघाली. तो निघाला नाही. चर्चच्या आवारात गवत गुडघाभर वाढलं होतं आणि त्यात लहानमोठे उंचवटे होते, खूण काही नाही. तो एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता.

"कुठे आहे ती?" तो म्हणाला. "मला जागा माहीत नाही गं."

सबीना फाटकाशी थांबली. परत आली, त्याच्या बाजूने पुढे गेली, आणि उत्तरेच्या भिंतीकडे गवतातून चालायला लागली. हॅमो तिच्या मागून गेला. पहाऱ्यावरच्या चौघांना घरी जा असं कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तेही काठ्या घेऊन मागोमाग गेले. भिंतीपाशी ती दोघं गुडघ्यांवर बसली, तेव्हा त्या चौघांनी टोप्या काढल्या.